प्रभाग एक, नगरसेवक चार : पुण्यातली प्रतिनिधित्वाची सेवा कितपत कामाची?

पुणे महापालिकेचा मालमत्ता कर भरणारा प्रत्येक जण आणखी एका सेवेचे पैसे देत असतो. बिलावर तिचा उल्लेख नसतो. ती म्हणजे प्रतिनिधित्व. आपल्या गल्लीच्या वतीने सभागृहात बोलायला, अधिकाऱ्याला जाब विचारायला आणि पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवायला आपण माणसं निवडून देतो. मग ड्रेनेज तुंबलं, दिवे गेले, पदपथावर टपरी उभी राहिली की त्यांना फोन लावतो. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. कोणता पक्ष बरा, कोणता उमेदवार चांगला, हा विषय इथे नाही. यंत्रणा कशी बांधली आहे, नागरिकाच्या हाती काय लागतं आणि ती कुठे अडकते, एवढंच बघायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. चार सदस्यांचा प्रभाग हा या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा भाग आहे. प्रभाग समिती, म्हणजे एका भागातल्या सगळ्या नगरसेवकांची समिती, हा सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला भाग आहे. आणि अंदाजपत्रकाचं वेळापत्रक ज्याला ठाऊक नाही, त्याचं काम चार नगरसेवक पाठीशी असले तरी होईलच असं नाही.

प्रभागाची रचना

सध्याच्या रचनेत पुणे महापालिकेत १६५ जागा आणि ४१ प्रभाग आहेत. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. ही मांडणी २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, कारण त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्या आकड्यांनुसार समाविष्ट गावं धरून शहराची लोकसंख्या सुमारे ३४.८ लाख. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी ८४ हजार माणसं. कागदावरची ही संख्याही एखाद्या लहान नगरपालिकेच्या शहराएवढी आहे, आणि कडेच्या प्रभागांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या तिच्यात मोजलेल्याच नाहीत.

ही पद्धत स्थिर राहिलेली नाही. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक सदस्याचा, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार. पुढे तीनचा निर्णय झाला आणि पुन्हा चारवर गाडी आली. सरकार बदललं की प्रभागाची सीमा बदलते. त्यामुळे ‘आपला वॉर्ड’ ही भावना रुजायच्या आतच वॉर्ड दुसरीकडे जातो. मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक असा सरळ एकास एक हिशेब आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा, पुण्यासह बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा. एकाच राज्यात मुंबईकराला एक नगरसेवक आणि पुणेकराला चार असण्याचं पटेल असं कारण आम्हाला आजवर सापडलेलं नाही.

मतदान केंद्रात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तिथेच बरेच जण गोंधळतात. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी असते. आरक्षण प्रभागाला नसतं, जागेला असतं. म्हणजे अ जागा अनुसूचित जातीसाठी, ब नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, क सर्वसाधारण महिलेसाठी, ड सर्वसाधारण, अशा प्रकारची वाटणी असते. मतदाराने चार बटणं दाबायची असतात, प्रत्येक जागेसाठी एक. एका उमेदवाराला चार मतं देता येत नाहीत. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरतं ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबायचं. चारही जागांचं मत नोंदवल्याशिवाय प्रक्रिया पुरी होत नाही. एकच बटण दाबून बाहेर पडणाऱ्याला मतदान अधिकारी परत बोलावतात ते म्हणूनच.

या पद्धतीचं एक देणं मान्य करायला हवं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. एक सदस्याच्या प्रभागात सोडत निघाली की चांगलं काम करणाऱ्या नगरसेवकाचा प्रभागच आरक्षित होतो आणि तो बाहेर फेकला जातो. चारच्या प्रभागात महिला, मागास प्रवर्ग आणि सर्वसाधारण या सगळ्यांना एकाच वेळी जागा मिळते. एका नगरसेवकाने दार लावून घेतलं तर दुसऱ्याकडे जाण्याची सोयही राहते.

पण किंमत मोठी आहे. ८४ हजार माणसांपर्यंत पोचायचं तर पक्षाचं चिन्ह आणि पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे नुसत्या कामाच्या जोरावर उभा राहणारा अपक्ष जवळजवळ बाद होतो. पॅनेल म्हणून चौघांचा प्रचार होतो आणि पॅनेलच्या लाटेत ज्याने काहीच केलं नाही तोही निवडून येतो. त्याहून वाईट म्हणजे निवडून आल्यावर जबाबदारी कुणाची याचं उत्तर कायद्यात नाही. चौघं एकाच पक्षाचे असले तर ते आपसात भाग वाटून घेतात. हा भाग अमक्याचा, ती पेठ तमक्याची. ही वाटणी कुठेही लिहिलेली नसते, नागरिकाला सांगितलेली नसते, आणि अडचणीच्या वेळी ‘तो भाग माझ्याकडे येत नाही’ या वाक्याच्या रूपाने ती पहिल्यांदा कळते. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असले तर एकाच रस्त्याच्या कामावर श्रेयाचे दोन फलक लागतात आणि कुणालाच श्रेय न देणारं काम तसंच पडून राहतं. तुंबलेला चेंबर हे तसलं काम. त्याचं उद्घाटन करता येत नाही.

पाचपैकी दीड गुण. अर्धा गुण निव्वळ महिला प्रतिनिधित्वाचा.

कुणाचं काम, कुणाकडे

एका पत्त्याला किती प्रतिनिधी असतात ते सूसच्या उदाहरणावरून बघा. सूस हे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. (त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती.) सूसचा रहिवासी नगरसेवक पुणे महापालिकेचा निवडतो. पण गाव मुळशी तालुक्यातलं असल्याने त्याचा आमदार भोर मतदारसंघाचा आणि खासदार बारामतीचा. हडपसरचा मतदार शिरूरचा खासदार निवडतो, खडकवासल्याचा बारामतीचा. पुणे लोकसभेत वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहाच विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे ‘पुण्याचा खासदार’ हा सगळ्या पुण्याचा नाही. शहराचा प्रश्न दिल्लीत मांडायचा तर तीन खासदारांना एका सुरात बोलावं लागतं, आणि त्यातल्या दोघांचा बहुतांश मतदार ग्रामीण असतो. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. ते आमदार-खासदार निवडतात, पण महापालिकेला मत देत नाहीत, कारण तिथला कारभार २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतो.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी मालक शोधा. नळाला पाणी कमी दाबाने येतं, मधल्या जलवाहिनीला गळती आहे, हे महापालिकेचं काम. पण शहराला खडकवासला धरणसाखळीतून किती पाणी मिळावं हा प्रश्न राज्याच्या जलसंपदा खात्याचा. तिथे नगरसेवक काही करू शकत नाही, आमदार करू शकतो. बसचा मार्ग पीएमपीएमएलचा, आणि त्या कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. वीज महावितरणची, पण रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा. वाहतूक पोलीस राज्याचे. लोहगाव विमानतळ, रेल्वे आणि लष्कराच्या जागेतून जाणारा रस्ता हे खासदाराचे विषय. खासदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो. त्यातून समाजमंदिर, वाचनालय, व्यायामशाळा होते. त्याच्याकडे गल्लीतला खड्डा घेऊन जाणं म्हणजे त्याचाही वेळ घालवणं आणि आपलाही.

एका चेंबरचा प्रवास

समजा गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचा चेंबर रस्त्यापेक्षा चार इंच खाली गेला आहे, पावसात त्यातून मैलापाणी उलटं येतं, आणि साफ करून पंधरा दिवस झाले की पुन्हा तेच. हे काम होतं कसं आणि थांबतं कुठे?

पहिली पायरी तक्रारीची. महापालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती शब्दांची. ‘चेंबर तुंबला आहे’ असं लिहिलं की तक्रार सफाईच्या माणसाकडे जाते. तो येतो, चेंबर उपसतो, फोटो काढतो, तक्रार बंद होते. त्याच्या दृष्टीने काम झालेलंच असतं. लिहायला हवं होतं ते असं : ‘चेंबर खचला आहे, वाहिनीचा उतार बिघडला आहे, पाहणी करून दुरुस्तीचं पूर्वगणनपत्रक तयार करावं.’ मग ती कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जाते. जवळच्या खांबाचा क्रमांक, चेंबरपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर आणि भर पावसातला एक फोटो जोडा. कोरड्या दिवसाच्या फोटोत काहीच दिसत नाही.

दुसरी पायरी पूर्वगणनपत्रकाची. अभियंता पाहणी करून किती मीटर वाहिनी, किती व्यासाची, किती चेंबर, खोदाई आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च मांडतो. या शेवटच्या कलमावर लक्ष ठेवा. ते वगळलं की ड्रेनेजचं काम होतं आणि रस्ता उखडलेलाच राहतो, कारण रस्ता पथ विभागाचा असतो आणि त्यांच्याकडे त्याची तरतूद नसते.

तिसरी पायरी पैशाची, आणि बहुतेक कामं इथेच मरतात. अंदाजपत्रकात त्या कामाला तरतूद हवी. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी असते, तिला ‘स’ यादी म्हणतात. त्यात काम असेल तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या कामाचा पैसा इकडे वळवावा लागतो, त्याला वर्गीकरण म्हणतात. त्याचा प्रस्ताव स्थायी समिती आणि मुख्य सभेच्या, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेच्या, कार्यपत्रिकेवर यावा लागतो. सभा तहकूब झाली की तो महिनाभर पुढे जातो. आणि वर्गीकरण दोन्ही बाजूंनी कापतं हे विसरू नका. तुमच्या चेंबरसाठी ठेवलेला पैसाही असाच दुसरीकडे जाऊ शकतो, आणि विचारल्याशिवाय तो गेल्याचं कळत नाही.

मग निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि बिल. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि न वापरलेली तरतूद त्यासोबत संपते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या शहरात एकदम खोदाई सुरू होते, आणि घाईत बुजवलेल्या चरांवरचा रस्ता जूनच्या पहिल्या पावसात खचतो. काम दोषदायित्व कालावधीत असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. पण तो कालावधी किती आहे हे कार्यादेशात बघावं लागतं, तोंडी कुणी सांगत नाही. कार्यादेशाची प्रत मागून ठेवा.

वेळापत्रक असं : नागरिकांनी कामं सुचवण्याचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. नागरिकांच्या सहभागाचं हे अंदाजपत्रक पुण्यात २००६-०७ पासून आहे आणि शहराने त्याचा अभिमान बाळगावा. हिवाळ्यात आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, स्थायी समिती त्यात बदल करून मुख्य सभेला देते, आणि १ एप्रिलपासून ते लागू होतं. पावसाळ्यात तुंबलेल्या चेंबरची तक्रार जुलैत करून थांबलात तर सफाई मिळेल. तोच मजकूर सप्टेंबरच्या अर्जात गेला तर वाहिनी मिळण्याची शक्यता तयार होते.

आयुक्त आणि नगरसेवक

नगरसेवक हतबल असल्याचं सांगतात तेव्हा ते दरवेळी खोटं नसतं. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं. कार्यकारी अधिकार आयुक्ताचे असतात, महापौराचे नाहीत. महापौर सभा चालवतो आणि त्याची मुदत अडीच वर्षं. खर्चाच्या चाव्या सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे असतात, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. सभागृहाने केलेला ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. आयुक्त नको असेल तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी तसा ठराव करण्याची तरतूद आहे. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तसा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, तरी ते आयुक्त पुढचे काही महिने पदावर राहिले. तो आयुक्त चांगला होता की नव्हता हा वेगळा वाद. शहराने निवडलेल्या सभागृहाचं वजन मंत्रालयापुढे किती, हे त्यातून दिसलं.

याहून मोठा दोष २०२२ मध्ये दिसला. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे बदल यांत ती अडकली आणि मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडलं. जवळपास चार वर्षं आयुक्त हाच प्रशासक होता. स्थायी समिती तोच आणि मुख्य सभाही तोच. प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच. कामं थांबली नाहीत, काही तर वेगाने झाली. पण ‘हे काम आधी का, ते का नाही’ असं विचारणारं अधिकृत कुणी उरलं नाही. चार वर्षं बंद राहिलेल्या सेवेबद्दल कुठल्याही ग्राहकाने भरपाई मागितली असती. इथे मागायची कुणाकडे, हेच ठरलेलं नाही.

प्रभाग समिती : इथे जा

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पुण्यात पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि त्यांना जोडून प्रभाग समित्या. त्या भागातले सगळे नगरसेवक तिचे सदस्य असतात, शिवाय स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. सभा दरमहा व्हायला हवी. अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या ५ लाखांपर्यंतच्या कामांना ती स्वतः मंजुरी देऊ शकते. आपला चेंबर, दोन दिवे, पदपथाचा तुटलेला तुकडा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती हे सगळं या मर्यादेत बसतं. मुख्य सभेत जायची गरजच नाही.

चार सदस्यांच्या प्रभागाचा मुख्य दोष इथे थोडा भरून निघतो, कारण चौघंही एकाच टेबलाशी बसलेले असतात आणि समोर तेच उपअभियंते असतात. ‘माझ्याकडे येत नाही’ हे तिथे म्हणता येत नाही. त्यामुळे नगरसेवकाच्या कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा हे करा : सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून पुढच्या सभेची तारीख घ्या. सभेच्या किमान आठ-दहा दिवस आधी एक पानी अर्ज द्या आणि पोचशिक्का घ्या. अर्जाच्या प्रती चारही नगरसेवकांना द्या आणि कुणाकुणाला दिल्या ते अर्जाच्या खालीच लिहा. एवढ्याने चौघांनाही कळतं की बाकी तिघांना माहीत आहे. सभेनंतर इतिवृत्त मागा. इतिवृत्तात तुमचा विषय नसेल तर तो चर्चेला आलाच नाही असं समजा, मग कुणी काहीही सांगो.

समितीत काय बिघडतं? बऱ्याचदा गणपूर्ती होत नाही आणि सभा पुढे जाते. अधिकारी स्वतः न येता हाताखालच्या माणसाला पाठवतात आणि तो ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतो. स्वयंसेवी संस्थांच्या जागांवर कार्यकर्त्यांची वर्णी लागते. तिच्याखालची क्षेत्रसभा, म्हणजे एका क्षेत्रातल्या मतदारांची सभा, तर २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, पण नियमित भरताना दिसत नाही. एका क्षेत्राची सभा चौघांपैकी कुणी बोलवायची, हा प्रश्न तिथेही तसाच उभा आहे.

तरीही प्रभाग समितीला आम्ही पाचपैकी साडेतीन देतो. रचना चांगली आहे, वापर कमी आहे, आणि वापर वाढवणं नागरिकांच्या हातात आहे.

कागद मागायचे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्याआधी सोमवारची सोय वापरून बघा. दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख नागरिकांना बघायला खुले ठेवण्याचा शासन निर्णय २०१८ चा आहे, आणि पुणे महापालिकेत ही प्रथा त्याच्याही आधीची. मागायचं काय? ‘सगळ्या कामांची माहिती’ कधीही मागू नका, उत्तर म्हणून गठ्ठा येतो किंवा नकार येतो. एका कामाचं नाव आणि वर्ष लिहा, आणि चारच गोष्टी मागा : पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम बिल. मोजमाप पुस्तिकेत १२ मीटर लिहिलं असेल आणि गल्ली ७ मीटरची असेल, तर टेप घेऊन गेलं की काम संपतं.

बदल एकच सुचवायचा तर तो असा. चारचा प्रभाग ठेवायचाच असेल, तर निवडून आल्यापासून महिनाभरात चौघांनी आपसातली भागवाटणी लेखी द्यावी. कोणत्या मतदान केंद्रांचा भाग कुणाकडे, त्याचा नकाशा क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावावा आणि क्षेत्रसभा ज्याची त्याने घ्यावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सोसायट्यांनी आणि मोहल्ला समित्यांनी पुढच्या प्रभाग सभेला हीच मागणी एका पानावर लिहून द्यावी, आणि पोचशिक्का घ्यायला विसरू नये.